पीएंचा घसा

सोमवारी सकाळी पीएंनी बायकोला हाक मारली आणि ती त्यांना स्वतःलाच ऐकू आली नाही.

त्यांनी पुन्हा मारली. तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, आणि बाहेर पडली ती नुसती फुस्स. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "गॅस गळत नाहीये हो, आत्ताच बघितलं मी."

तिसऱ्या फुस्सला ती हात पुसत बाहेर आली, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि काय ते समजली. "कालच म्हणत होते मी," ती म्हणाली. बायका हे वाक्य आदल्या दिवशी काहीही म्हटलेलं नसताना म्हणू शकतात, पण या वेळी तिने खरोखरच म्हटलं होतं.

त्याचं असं झालं होतं. आदल्या दिवशी साहेबांची सभा होती. साहेब म्हणजे मंत्री. खातं कुठलं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण ते सारखं बदलतं आणि साहेबांच्या दिनक्रमात त्याने काही फरक पडत नाही. तर भाषणाच्या तिसऱ्याच वाक्याला माइक मेला. दुसऱ्या कुणी भाषण आवरतं घेतलं असतं. साहेबांचं भाषण ही आवरती घेण्याची वस्तू नव्हती. बरं, साहेबांनी ओरडून घसा खराब करून घ्यावा तर निवडणूक दोन महिन्यांवर आलेली. मग साहेब एकेक वाक्य हळू आवाजात म्हणाले आणि ते वाक्य पीएंनी पटांगणाच्या टोकापर्यंत ओरडून पोचवलं. दीड तास. शेवटी शेवटी लोक पीएंकडे बघून टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा कुठे साहेबांनी भाषण संपवलं.

आता कुणी म्हणेल, पीए काही गवई नव्हेत, आठ दिवस आवाज नसला तर काय बिघडलं? असं म्हणणाऱ्याने मंत्र्याचा स्वीय सहायक जवळून पाहिलेला नाही. हा माणूस साहेबांच्या उजव्या खांद्यामागे अर्धं पाऊल चालतो. एक पूर्ण पाऊल मागे राहिला तर पोलीस त्याला गर्दीत ढकलतात, आणि बरोबरीने चालला तर साहेब. त्या अर्ध्या पावलाच्या जागेत उभं राहून तो समोरून येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि दुखणं साहेबांच्या कानात सांगतो. मग साहेब दोन्ही हात पसरून "अरे वा, गुडघा काय म्हणतोय?" असं विचारतात आणि समोरचा माणूस पुढची पाच वर्षं तो गुडघा चोळत साहेबांना मत देतो. फोन पीएच घेतात आणि पीएच करतात. आणि साहेबांचं एक तत्त्व होतं: चांगलं काम लेखी करायचं, बाकीची तोंडी सांगायची. लेखी कामांवर साहेबांची सही असे. तोंडी कामांना पीएंचं तोंड.

अकरा वर्षं हे तोंड एक दिवस बंद पडलं नव्हतं.

घशाच्या डॉक्टरांनी आत आरसा घालून पाहिलं आणि सात दिवस संपूर्ण मौन सांगितलं. पीएंनी कागदावर लिहून विचारलं, "कुजबुज चालेल?"

"मुळीच नाही. कुजबुजण्याने घसा बोलण्यापेक्षा जास्त ताणतो," डॉक्टर म्हणाले. तेही त्यांनी कागदावर लिहून दिलं, तारीख घातली आणि खाली शिक्का मारला. पीएंचा चेहरा असा पडला की डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे गातात का?"

"नाही हो," बायको म्हणाली. "साहेबांच्या कानाशी असतात."

घरी आल्यावर ती म्हणाली, "साहेबांना सरळ सांगून टाका. माणूस आहे, आजारी पडतो." त्यावर पीएंनी मुलीच्या वहीचं पान फाडून आधीच्या पीएची गोष्ट लिहिली. बायकोला ती पाठ होती, तरी तिने वाचली. आधीचे पीए मुलीच्या लग्नासाठी चार दिवस रजेवर गेले. परत आले तर त्यांच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसलेला. साहेबांनी मोठ्या प्रेमाने त्यांची विचारपूस केली आणि नव्या माणसाला कानात विचारलं, "हे कोण?" तो नवा माणूस म्हणजे आपले पीए. तेव्हा ही खुर्ची कशी रिकामी होते, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती.

असं ठरलं की हे कुणाला कळू द्यायचं नाही. म्हणजे अर्ध्या तासात ते सगळ्या इमारतीला कळलं. शेजारच्या काकूंनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या, समोरच्या काकूंनी मिठाने घसा सोलवटून निघतो असं सांगितलं, आणि त्या दोघी पीएंच्या दारात उभ्या राहून बोलता बोलता अशा तापल्या की घसा बाजूलाच राहिला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर म्हणाले, त्यांच्या मावसभावाचा आवाज असाच गेला होता. परत आला तेव्हा दुसऱ्याच कुणाचा तरी आला, अजून बायको फोनवर ओळखत नाही. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली. "तुम्ही काही बोलू नका. आमच्या चिरंजीवांच्या बदलीचं तेवढं... नुसती मान हलवा." पीएंची मान दुखत होती म्हणून त्यांनी ती जरा फिरवून पाहिली. इंजिनियर उठले, डोळ्यांत पाणी आणून त्यांनी पीएंचे दोन्ही हात दाबले, आणि संध्याकाळी जिन्यात चिरंजीवांच्या सामानाच्या खोक्यांवर दोऱ्या बांधण्याचा आवाज येऊ लागला.

मंगळवारी पीए साहेबांच्या गाडीत बसले. साहेब बोलत होते. विरोधकांविषयी बोलले, स्वतःच्या पचनाविषयी बोलले, मग दोन्ही विषय एकत्र करून बोलले. मधूनच "काय?" म्हणाले. पीएंनी मान हलवली. "बरोबर ना?" पीएंनी मान हलवली. पाऊण तासाने गाडी थांबली तेव्हा साहेब खूश होऊन म्हणाले, "तुझं हेच मला आवडतं, पीए. तू मुद्देसूद बोलतोस."

इतकं सोपं असेल असं पीएंना वाटलं नव्हतं. थोडं वाईटही वाटलं. आपला आवाज अकरा वर्षं ज्या कानात घातला त्या कानाला तो गेल्याचं कळू नये, याला काय म्हणायचं? पण नोकरी वाचली होती, तेव्हा वाईट वाटणं त्यांनी पुढच्या आठवड्यावर ढकललं.

फोनचं तर त्याहून नवल झालं. एक बाई त्यांच्या टेबलाशी आल्या. त्यांच्या गल्लीतला दिवा आठ महिने बंद होता आणि या कामासाठी त्या सहाव्यांदा येत होत्या. दर वेळी पीएंनी त्यांना खुर्ची दिली होती, चहा दिला होता, "करतो" म्हटलं होतं. आज "करतो" म्हणता येईना. बाई हलेनात. शेवटी निरुपायाने पीएंनी वीज कार्यालयाचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर कानाला लावून नुसते बसले.

"हॅलो?" पलीकडून आवाज आला. "हॅलो? मंत्रिसाहेबांच्या ऑफिसातून ना?"

पीएंनी श्वास सोडला.

"साहेब... काही चुकलं का?"

पीएंनी श्वास घेतला.

"त्या दिव्याचं का? साहेब, माणूस निघालाच आहे. संध्याकाळच्या आत लावतो. रागावू नका."

संध्याकाळी पाच वाजता दिवा लागला. त्याच्या शेजारचे दोनही लागले, ज्यांची तक्रार कुणी केलेली नव्हती. पीएंनी त्या दिवशी असे नऊ फोन केले आणि नऊ कामं झाली. अकरा वर्षं या फोनवर ते गोड बोलत आले होते. त्या गोड बोलण्याचा अर्थ पलीकडची मंडळी "घाई नाही" असा लावत आली होती, हे त्यांना आज समजलं.

अडचण आली ती नावांची. पीएंनी चिठ्ठ्या लिहायला घेतल्या: कोण, कुठला, काय झालंय. पण साहेब चारचौघांत चष्मा लावत नसत. चष्म्याने माणूस विरोधी पक्षातला दिसतो असं त्यांना वाटे. बुधवारी एक गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ समोर आले. पीएंनी चिठ्ठी सरकवली: "वकील. वडील वारले." साहेबांनी डोळे बारीक केले, त्यांना जेवढं दिसलं तेवढं वाचलं आणि गृहस्थांच्या पाठीवर थाप मारून मोठ्याने म्हणाले, "वडील काय म्हणतायत? त्यांना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, लवकरच भेटू."

त्या संध्याकाळी बायकोने आपल्या थोरल्या भावाला बोलावून घेतलं.

दादा म्हणजे निवृत्त मास्तर. चौतीस वर्षं शिकवून त्यांनी गावातला निम्मा माणूस हाताखालून घातला होता आणि नावं त्यांना हजेरीपटासकट पाठ होती. बायकोची योजना साधी होती: साहेबांच्या मागे पीए चालतील, पीएंच्या शेजारी दादा, आणि दादा कुजबुजतील. योजनेत दोन गोष्टी राहून गेल्या. एक म्हणजे दादांना उजव्या कानाने ऐकू येत नसे, त्यामुळे त्यांची कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत जाई. दुसरी म्हणजे दादांना माणसाविषयी काही विचारलं की ते खरं सांगत.

गुरुवारी बसस्थानकावरच्या नव्या स्वच्छतागृहाचं उद्घाटन होतं. साहेब फीत कापायला माइकपाशी उभे राहिले. मान्यवर एकेक करून पुढे आले. पीएंनी दादांना कोपराने ढोसलं आणि दादांनी मान पुढे काढली.

"हे नगरपालिकेचे माजी अध्यक्ष," कर्ण्यातून गंभीर आवाज घुमला. "सातवीत दोन वर्षं होते. दुसऱ्या वर्षी शाळाच कंटाळली."

गर्दी चपापली. माजी अध्यक्षांचा पुढे केलेला हात जागीच राहिला. पीएंनी दादांचा सदरा ओढला. दादांना वाटलं, पुढचं सांग म्हणतायत.

"आणि हे ठेकेदार. ही इमारत यांनीच बांधलीय, तेव्हा छताखाली फार वेळ उभे राहू नका. भागाकार यांना कधी जमला नाही. गुणाकारात मात्र पहिले."

लोक असे हसले, असे हसले, की बसमधून उतरलेले प्रवासी परत बसमध्ये चढून खिडकीतून बघू लागले. साहेबांनाही आधी हसू आलं, कारण लोक हसताहेत म्हणजे आपण काहीतरी बोललो असणार. मग त्यांनी वळून पाहिलं. "हा म्हातारा कोण?"

पीएंनी तोंड उघडलं. फुस्स.

"मी यांचा आवाज आहे," दादा म्हणाले. तेही कर्ण्यातून गेलं. पोलिसांनी त्यांना सन्मानाने, म्हणजे दोन्ही दंडांना धरून, मंडपाबाहेर नेलं. घरी आल्यावर दादांनी बहिणीला एवढंच सांगितलं, "तुझ्या नवऱ्याचा साहेब फीत कापतानासुद्धा दुसऱ्याच्या कागदात बघतो. मी तिथे परत जाणार नाही."

म्हणून शुक्रवारी पीए पुन्हा एकटे होते. गाडीत साहेबांनी काच वर केली आणि आवाज खाली आणला. "पीए, त्या मुख्याधिकाऱ्याकडे जाऊन ये. शाळेमागचं मैदान आपल्या ठेकेदाराला पार्किंगला हवंय. म्हणावं, ताबा आजच्या आज द्या. कागद वगैरे नाही. तोंडी सांग."

पीएंची मुलगी त्याच शाळेत पाचवीत होती. त्या मैदानावर तिने गेल्याच महिन्यात लंगडीत दात पाडून घेतला होता आणि तो डबीत घालून घरी आणला होता. असली कामं पीएंनी याआधी केली नव्हती असं नाही. पण त्या मैदानांवर पडलेले दात दुसऱ्यांच्या मुलांचे होते. या वेळी ते काम त्यांना नकोसं झालं. आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला आज बोलताच येत नाही! जे तोंडी सांगायचं ते सांगायला तोंडच नाही, तर काम होणार कसं? पुढे साहेबांनी विचारलं तर दोष घशाचा. पीए नगरपालिकेचा जिना चढले ते जवळजवळ शीळ घालत. शीळ कधी जमली नव्हती म्हणून, नाहीतर घातलीच असती.

मुख्याधिकारी हे बारीक अंगाचे गृहस्थ. दोन वर्षांत त्यांच्या चार बदल्या झाल्या होत्या आणि पाचवी होणारच म्हणून सामान त्यांनी सोडलंच नव्हतं. पीएंना बघून ते उभे राहिले.

"बसा साहेब. मैदानाचंच ना? ठेकेदार सकाळीच येऊन गेले. म्हणाले, पीएसाहेब येऊन तोंडी सांगतील."

पीएंनी जोरात मान हलवली. नाही, नाही.

"नाही? म्हणजे एवढ्यावर भागणार नाही?" मुख्याधिकारी घाबरले. "पण साहेब, शाळेचं मैदान आहे. पालक गप्प बसणार नाहीत. मी नाही दिलं तर?"

आपला आवाज मेला आहे, हे पीएंना सांगायचं होतं, आणि कागद करायला साहेबांनी मनाई केलेली. त्यांनी मुख्याधिकाऱ्यांच्या डोळ्यांत बघितलं, हाताचं बोट गळ्यावर ठेवलं आणि या कानापासून त्या कानापर्यंत सावकाश ओढलं.

मुख्याधिकाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब, माझी मुलं लहान आहेत हो."

पीए हळवे झाले. त्यांचीही मुलगी लहानच होती. त्यांनी उठून मुख्याधिकाऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सहानुभूतीने तो दोनदा दाबला. मुख्याधिकारी खुर्चीत खाली खाली घसरत गेले. पीए हलक्या मनाने बाहेर पडले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच आपण एक वाईट काम होऊ दिलं नाही, असं त्यांना वाटत होतं, आणि घरी जाताना त्यांनी मुलीसाठी दोरीवरच्या उड्यांची दोरी घेतली.

शनिवारी सकाळी मैदानाभोवती पत्रे लागले.

फाइलवर मुख्याधिकाऱ्यांनी शेरा मारला होता: "मा. मंत्र्यांच्या स्वीय सहायकांनी समक्ष येऊन दिलेल्या तोंडी सूचनेनुसार ताबा देण्यात येत आहे." चार बदल्यांत माणूस एवढं शिकतोच. दुपारपर्यंत तो शेरा पालकांच्या हातात होता आणि संध्याकाळी पीएंच्या बायकोच्या.

"काल तुम्ही नगरपालिकेत गेला होतात?" तिने विचारलं.

पीएंनी वहीची तीन पानं भरून खुलासा लिहिला. तिने तो वाचला, आणि तिला हसू आलं, कारण बोट गळ्यावरून फिरवणारा आपला नवरा तिला डोळ्यांपुढे दिसला. मग हसू गेलं. "आणि घसा बसलेला नसता तर?" ती म्हणाली.

चौथं पान पीएंनी लिहायला घेतलं आणि तसंच ठेवलं.

रविवारी पत्र्यांपुढे तीनशे पालक उभे राहिले. बातमीदार साहेबांच्या दारात आले. साहेबांनी चेहरा दुखावल्यासारखा केला. "मला यातलं काहीही माहीत नाही. माझ्या सहायकाने परस्पर काही तोंडी सांगितलं असेल, तर त्याची गय केली जाणार नाही." हे ते बोलत असताना पीए नेहमीच्या जागी, अर्धं पाऊल मागे, साहेबांचा चष्मा हातात धरून उभे होते. सगळे माइक त्यांच्याकडे वळले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं: "सहायकांनी बोलण्यास नकार दिला."

आणि त्याच दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बरोबर आवाज परत आला. "पाणी दे गं," पीए म्हणाले आणि दचकले. थोडा घोगरा होता, पण स्वतःचाच होता. मुलगी नाचली. दहा मिनिटांनी साहेबांचा फोन आला. "पीए, उद्या चौकशी लागलीय. तू काही बोलू नकोस. गप्प राहा. दोन महिने घरी बस, निवडणुकीनंतर तुला परत घेतो." आणि ठेवून दिला. पीए काय म्हणतात हे ऐकण्याची सवय त्यांना नव्हतीच.

मंगळवारी चौकशीला जाताना बायकोने डॉक्टरांचा कागद त्यांच्या खिशात घातला. "हा दाखवा. आणि आता बोलता येतंय. काय झालं, कुणी सांगितलं, सगळं सांगून टाका. नोकरी गेली तर जाऊ दे, माझी आहे." ती बँकेत होती. मग तीही पालकांबरोबर निघाली.

चौकशी अधिकारी म्हणून एक निवृत्तीला टेकलेल्या बाई आल्या होत्या. हातात टोकदार पेन्सिल, आवाज कोरडा. खोलीच्या दाराची एक काच फुटलेली होती आणि बाहेरच्या बाकावरून आतलं सगळं दिसत होतं.

पीएंनी कागद पुढे केला. बाईंनी तो दोनदा वाचला. "संपूर्ण मौन. कुजबुजही नाही. शुक्रवार यात येतो." त्या मुख्याधिकाऱ्यांकडे वळल्या. "यांनी तुम्हाला तोंडी सूचना दिली असं तुम्ही लिहिलंय. हे बोलले?"

"बोलले नाहीत, मॅडम. पण त्यांनी असं केलं." मुख्याधिकाऱ्यांनी बोट गळ्यावरून फिरवलं.

"याला तोंडी म्हणतात?"

"तोंडाच्या जवळच होतं, मॅडम."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली, नियमांचं जाड पुस्तक उघडलं आणि तोंडी सूचनेची व्याख्या शोधली. तीत तोंड होतं, गळा नव्हता. मग त्यांनी सावकाश लिहिलं की, ज्या दिवशी बोलणं वैद्यकीयदृष्ट्या अशक्य होतं त्या दिवशीची तोंडी सूचना अस्तित्वात येऊ शकत नाही, सबब तिच्यावरून दिलेला ताबाही अस्तित्वात नाही. पत्रे मात्र अस्तित्वात आहेत, ते काढावेत. बाकावर एकच गलका झाला. मैदान सुटलं होतं.

"एकच प्रश्न राहिला," बाई म्हणाल्या. गलका थांबला. "शुक्रवारी तुम्ही तिथे आपण होऊन गेला होता, की तुम्हाला कुणी पाठवलं होतं?"

घसा ठणठणीत होता. सकाळीच पीएंनी मुलीला पाढे म्हणून दाखवले होते. उत्तरही छोटं होतं. एका शब्दात सांगता आलं असतं. पीएंच्या डोळ्यांपुढून खुर्ची गेली, निवडणूक गेली, आधीच्या पीएंचा चेहरा गेला. बाईंची पेन्सिल कागदावर थांबलेली होती.

पीएंनी खिन्न चेहरा केला आणि बोटाने घशाकडे खूण केली.

"अजून बरा नाही का?" बाई म्हणाल्या. "ठीक आहे. त्रास करून घेऊ नका." त्यांनी वही मिटली.

पीएंनी दाराकडे पाहिलं. फुटक्या काचेतून बायको बघत होती.

घरी जाताना ती काही बोलली नाही. घरीही नाही. जेवायला वाढलं, मुलीचा अभ्यास घेतला, दिव्याचं बटण बंद करू का म्हणून विचारलं. पण त्या विषयावर एक अक्षर नाही. पीएंनी बरंच समजावलं. आवाज आता छान खुलला होता. मैदान तर सुटलंच ना, मग उगाच कशाला, असं ते चार वेगवेगळ्या प्रकारे म्हणाले. दादा पेपर वाचत बसले होते. ते डाव्या कानाने ऐकत होते, म्हणजे सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "जावईबापू, उत्तर येत नाही म्हणून कोरा पेपर देणारे मी पुष्कळ पाहिले. येत असताना देणारा आजच पाहिला."

पुढच्या रविवारी मैदानावर साहेबांचा सत्कार होता. मैदान वाचवल्याबद्दल. पत्रे काढल्याचं कळताच साहेबांनी जाहीर केलं होतं की, हा अन्याय आपल्या कानावर येताच आपण रात्रीचा दिवस केला. पीएंना दोन महिने घरी बसायला लागलं नाही. साहेबांनी उलट त्यांच्या पाठीवर थाप मारली होती. "तुझा घसा बसला होता म्हणे? मला कसं कळलं नाही? बरं झालं बसला."

मुलांनी साहेबांना फुलं दिली. टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. साहेब हसत, हात हलवत पहिल्या रांगेवरून नजर फिरवत होते, ती एका ठिकाणी अडली. त्यांनी मान किंचित मागे कलती केली. पीए अर्धं पाऊल पुढे झुकले.

"त्या निळ्या साडीतल्या बाई कोण रे? टाळ्या वाजवत नाहीयेत."

पीएंना बघायची गरज नव्हती, तरी त्यांनी बघितलं. बायको हात मांडीवर ठेवून बसली होती. ती साहेबांकडे बघतच नव्हती.

"माझी बायको, साहेब."

"अरे वा! मग सांगायचं नाही? तुझ्या घशानेच तर काम झालं. भाषणात उल्लेख करतो त्यांचा. या लढ्यात खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या भगिनी... नाव काय त्यांचं?"

पीएंना त्या गर्दीतल्या चारशे माणसांची नावं पाठ होती. साहेबांचा कान समोर होता, अकरा वर्षं ओळखीचा, थोडा केसाळ, वाट बघणारा.

"नाही सांगत, साहेब," ते म्हणाले.

स्वच्छ म्हणाले. घोगरेपणा अजिबात नव्हता. पहिल्या रांगेत बायकोने मान वर केली. ऐकू तर आलं नसणार, पण पीएंची मान आडवी हलताना तिने पाहिली होती.

साहेबांनी वळून पीएंकडे मोठ्या काळजीने पाहिलं.

"काही ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "तुझा घसा अजून बरा झालेला दिसत नाही."